आधी आपल्या अंगावर घेणारा राजा



दसरा चौकातून आपण किती वेळा जातो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. कोणी कचेरीला निघालेला असतो, कोणी दवाखान्यात, कोणी मुलाला शाळेत सोडायला. या चौकात राजर्षी शाहू छत्रपतींचा पुतळा आहे आणि त्याच चौकात मुस्लिम बोर्डिंगची वास्तू आहे. दोन्ही रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे आपल्या नजरेतून सुटतात. २६ जूनला जयंती होते, प्रभातफेरी निघते, पुतळ्याला हार पडतात, भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी हार सुकतात आणि आपणही आपल्या उद्योगाला लागतो.

महाराजांचे समग्र चरित्र सांगायचे तर ग्रंथ लिहावा लागेल, आणि असे ग्रंथ थोरांनी लिहून ठेवले आहेत. या चार पानांत तुमच्यापुढे एवढाच प्रश्न ठेवायचा आहे, की संकटाच्या वेळी माणूस पुढारी ठरतो तो कशामुळे? हुद्द्यामुळे, पैशामुळे की वक्तृत्वामुळे? महाराजांकडे हुद्दा होता, पैसाही होता. परंतु तेवढ्यावर थोर म्हणावे असे राजे त्या काळी हिंदुस्थानात किती निघतील? शाहू महाराजांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे आयुष्य वाचताना एक रीत पुन्हा पुन्हा दिसते. ओझे आले की ते आधी आपल्या अंगावर घ्यायचे आणि मगच दुसऱ्याला खांदा द्यायला सांगायचे. ही रीत तुम्ही ध्यानात ठेवा आणि पुढचे वाचा.

पोरका मुलगा

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. मूल तीन वर्षांचे होते न होते तोच आई गेली. कोल्हापूरच्या गादीवरील चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना मृत्यू पावले. गादीला वारस नव्हता. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी यशवंतरावांना दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू ठेवले. त्या वेळी त्यांना दहावे वर्ष चालू होते. दोन वर्षांनी, १८८६ साली, जन्मदाते वडीलही वारले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी ज्यांच्या डोक्यावरून आईचा किंवा बापाचा हात लहानपणीच गेला आहे त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. बारा वर्षांचे होण्यापूर्वीच या मुलाचे आई आणि वडील दोघेही गेले होते. वाड्यात नोकरचाकर होते, हत्तीघोडे होते, पण आपले म्हणावे असे माणूस कमी होते. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि त्यानंतर धारवाडला फ्रेझर नावाच्या शिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती आली. वय वीसही पुरे झालेले नव्हते. त्या वयात आपली मुले कॉलेजच्या फाटकाजवळ उभी असतात, हे पालकांना सांगायला नको.

दुष्काळ आणि प्लेग

गादीवर येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच १८९६ चा पाऊस दगा देऊन गेला. धान्य महागले, जनावरांना वैरण मिळेना. पाठोपाठ प्लेग आला. त्यातून डोके वर काढावे तो १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. तरुण राजाच्या राज्यकारभाराची सुरुवात झाली ती अशी.

अशा वेळी राजाने काय करायचे, याचा एक सोपा रस्ता होता. राजवाड्यात बसून कारभाऱ्यांचे अहवाल वाचायचे आणि दानधर्माचा एक आकडा जाहीर करायचा. महाराज तसे वागले नाहीत. ते स्वतः दुष्काळी मुलखात हिंडले. रयतेची घरे, विहिरी, गोठे डोळ्यांनी पाहिले. रस्त्यांची व तलावांची कामे काढून लोकांच्या हाताला काम दिले, शेतकऱ्यांना तगाई दिली, जनावरांसाठी वैरणीची सोय केली आणि संस्थानची जंगले चराईला मोकळी केली. कामावर येणाऱ्या बायांची तान्ही मुले उन्हातान्हात मातीत पडून राहतात हे पाहून त्या मुलांना सांभाळण्याची घरे काढली. आज पाळणाघराचे कोणाला नवल वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळी कामावरच्या मजुरणीच्या मुलाचा असा विचार करणारा राज्यकर्ता मात्र विरळाच.

व्यापाऱ्यांशी ते कसे वागले, ते तर व्यापारउदीम करणाऱ्या आपल्या घरांनी मुद्दाम समजून घ्यावे. दुष्काळात धान्याचा व्यापारी लोकांच्या डोळ्यांत खुपतो. त्याला चोर ठरवावे, त्याची कोठारे फोडावीत, म्हणजे टाळ्या पडतात. परंतु त्यामुळे पुढच्या आठवड्यात बाजारात धान्यच येत नाही. महाराजांनी व्यापाऱ्यांना बोलावून घेतले, खरेदीच्या भावाने धान्य विकायला त्यांना राजी केले आणि त्यात येणारा तोटा दरबाराने सोसला. स्वस्त धान्याची दुकानेही उघडली. म्हणजे झळ लागायची ती प्रथम सरकारी खजिन्याला, मग इतरांना. खजिना रिकामा होईल या भीतीने हात आखडता घेणारे सल्लागार प्रत्येक राज्यात असतात. परंतु रयत मेली तर खजिना कोणासाठी ठेवायचा, हे त्या तरुण राजाला उमजले होते.

प्लेगची गोष्ट आणखी अवघड होती. शेजारी पुण्यात १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, लोक संतापले आणि त्यातूनच रँडसाहेबाचा खून झाला. रोगापेक्षा उपायच लोकांना भयंकर वाटू लागला होता. कोल्हापुरातही गाव मोकळे करावे लागले, लोकांना गावाबाहेर झोपड्या घालून राहावे लागले. घरदार, देव्हारा, गुरेढोरे सोडून माळावर जाऊन राहणे कोणाला आवडेल? परंतु राजा स्वतः हिंडतो आहे, चौकशी करतो आहे, हे लोकांना दिसत होते. एखादी कठोर गोष्ट करायला लावणारा माणूस आपल्यात वावरतो की दुरून हुकूम सोडतो, यावर लोकांचा विश्वास अवलंबून असतो.

पेठ, गिरणी आणि धरण

दुष्काळ आला की मदत करायची आणि गेला की विसरायचे, असे महाराजांनी केले नाही. दुष्काळ पुन्हा येऊ नये, आला तरी माणसे मरू नयेत, यासाठी त्यांनी पुढची २० वर्षे खर्ची घातली. १८९५ साली त्यांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. कोल्हापूरच्या गुळाचे नाव देशभर गेले ते या पेठेच्या बळावर. वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले, तेथेही बाजारपेठ उभी राहिली. १९०६ साली शाहू छत्रपती सूत व कापड गिरणीची स्थापना झाली. ती गिरणी आज बंद आहे, परंतु या शहरातल्या हजारो घरांची चूल पिढ्यान् पिढ्या तिच्या भोंग्यावर पेटत होती. आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा त्या भोंग्याबरोबर घरातून निघत असत.

याहून मोठे धाडस भोगावती नदीवरच्या धरणाचे. १९०७ च्या सुमारास काम सुरू झाले. कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांच्या नावावरून तेथे वसवलेल्या गावाला राधानगरी नाव दिले आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. एका लहान संस्थानाने, आपल्या उत्पन्नातून, डोंगरात एवढे मोठे धरण बांधायला घेणे याला त्या काळी पुष्कळांनी वेडेपणा म्हटले असेल. महायुद्धाच्या काळात महागाई भडकली, पैसा पुरेना. १९१८ पर्यंत सुमारे १४ लाख रुपये खर्च झाले, बांध ४० फुटांपर्यंत चढला आणि तेथे काम थांबवावे लागले. महाराजांच्या हयातीत ते पुरे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर ते पूर्ण झाले.

येथे जरा थांबून विचार करा. जे काम आपल्या डोळ्यांदेखत पुरे होईल की नाही याची खात्री नाही, ज्याचे श्रेय बहुधा दुसऱ्यालाच मिळणार, त्या कामाला आपल्या खजिन्यातला पैसा घालायला कसले काळीज लागते! पालकांनो, मुलाच्या शिक्षणाचेही असेच आहे. आज फी भरायची, आज पोटाला चिमटा घ्यायचा, आणि पाणी पाटाला लागणार ते १५-२० वर्षांनी. कदाचित ते पाहायला आपण असू, कदाचित नसू.

चहाच्या दुकानातला पराक्रम

शौर्य म्हटले की आपल्याला तलवार आठवते. महाराजांना शिकारीचा आणि कुस्तीचा मोठा नाद होता, अंगात ताकद विलक्षण होती. परंतु त्यांचे खरे धैर्य दिसले ते एका चहाच्या दुकानात.

गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. महाराज परगावी असताना, वरच्या जातीच्या नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना बेदम मारहाण झाली. परत आल्यावर महाराजांच्या कानी ही गोष्ट गेली. त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले. कोणताही न्यायी राजा एवढे करील. महाराज त्यापुढे गेले. त्यांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले व मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करू लागले, चहा मागवून पिऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजू लागले. राजाने घेतल्यावर मानकरी नाही कसे म्हणणार?

हुकूम काढून अस्पृश्यता बंद करणे सोपे नाही, पण एका परीने सोपे आहे, कारण हुकूम कागदावर असतो. भर रस्त्यात, लोकांच्या देखत, आपल्या ओठाला कप लावणे अवघड आहे. कारण त्यात राजाची स्वतःची प्रतिष्ठा पणाला लागते. महाराजांनी हुकूमही काढले आणि कपही ओठाला लावला. एका माणसाचा धंदा चालावा म्हणून राजाने केलेली ही गोष्ट मोठमोठ्या लढायांच्या पंक्तीला बसवण्याजोगी आहे.

बोर्डिंगचा पाया

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येऊ. महाराजांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण खात्यातील ७१ जागांपैकी ६० जागा एकाच जातीच्या हाती होत्या. बाकीचे समाज शिकलेले नव्हते म्हणून नोकरीत नव्हते आणि नोकरीत नव्हते म्हणून शिकतही नव्हते. हे चक्र भेदायचे तर दोन्हीकडून भेदायला हवे होते. २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारच्या गॅझेटात हुकूम प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील शिकलेल्यांना द्यायच्या, असा तो हुकूम होता. मागासलेले म्हणजे कोण, तर त्या काळी पुढारलेल्या मानल्या गेलेल्या चार-पाच जाती सोडून बाकी सारे. त्यात मुसलमानही आले. हा हुकूम निघाला तेव्हा महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. हिंदुस्थानात अशा प्रकारच्या राखीव जागांचा पाया घालणाऱ्या पहिल्या हुकुमांत त्याची गणना होते. त्यावर टीकेची झोड उठली. वेदोक्ताच्या वादामुळे वातावरण आधीच पेटलेले होते. वर्तमानपत्रे तुटून पडली. महाराजांनी हुकूम मागे घेतला नाही.

दुसरीकडे वसतिगृहे काढणे सुरू झाले. खेड्यातला गरीब मुलगा कोल्हापुरात शिकायला आला तर राहणार कुठे आणि खाणार काय? १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, जैन बोर्डिंग निघाले, मग एकामागून एक अनेक समाजांची निघाली. ज्या समाजाची तयारी नव्हती त्याला महाराज स्वतः हलवून जागे करीत. मुसलमान समाजात शिक्षणाची आस्था कमी होती. महाराजांनी प्रथम काही मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून घेतले व त्यांच्या शिक्षणाची सोय केली. मग १९०६ साली गावातील प्रतिष्ठित मुसलमान मंडळींना बोलावून त्यांची बैठक घेतली. १५ नोव्हेंबर १९०६ रोजी मोहमेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. दसरा चौकातील जागा दिली, रोख मदत दिली, इमारतीला संस्थानच्या जंगलातले लाकूड दिले. काही दर्ग्यांच्या उत्पन्नातला वाटाही शिक्षणाकडे वळवला. कुराणाचा अर्थ मराठी जाणणाऱ्यांना कळावा म्हणून त्याच्या मराठी भाषांतरासाठीही त्यांनी पैसा खर्च केला.

यातली मेख लक्षात घ्या. नुसते पैसे देऊन महाराज मोकळे झाले असते तर ती खैरात झाली असती. त्यांनी अध्यक्षपद घेतले, म्हणजे संस्था बुडाली तर बट्टा त्यांनाही लागणार होता. आणि कारभार समाजातल्याच माणसांच्या हाती ठेवला, म्हणजे जबाबदारी आपल्याही डोक्यावर आली. स्वतःचे नाव पणाला लावायचे आणि दुसऱ्यालाही त्याच्या पायांवर उभे करायचे, असे दुहेरी काम या एका कृतीने केले.

आणि हे सारे शिक्षणापुरते नव्हते. गुण दिसला की महाराज जात-धर्म पाहत नसत. गानसम्राट अल्लादिया खाँसाहेब त्यांच्या दरबारचे गवई होते आणि आबालाल रहिमान हे दरबारचे चित्रकार. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्यात या दोघांचा वाटा किती मोठा आहे, हे आपल्या मुलांना आपणच सांगायला हवे.

लढाईची वर्षे

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढायला गेल्या. महाराजांनी सैन्यभरतीला मदत केली. यावरून त्यांच्यावर टीका झाली, आजही होते. ते इंग्रजांचे मांडलिक राजे होते, त्यांच्या डोक्यावर इंग्रजांची नजर होती आणि आपली सामाजिक कामे पुढे रेटायला त्यांना इंग्रजांशी सलोखा हवा होता. त्यांचा हा मार्ग कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याची ही बाजू झाकून ठेवू नये.

परंतु त्या लढाईच्या ऐन धुमाळीत या राजाने काय केले ते पाहा. युद्ध आले की राज्यकर्त्यांची पहिली कात्री शाळेवर पडते. आधी लढाई जिंकू, मग शाळांचे बघू, असे म्हणतात. महाराजांनी उलटे केले. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा कायदा केला आणि ४ मार्च १९१८ रोजी करवीरातील चिखली गावी पहिली शाळा सुरू झाली. फी नाही, पण मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी मजुराला रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हती. राजा गरिबाला दंड करतो, अशी ओरड झाली नसेल असे नाही. परंतु ज्याने आधी शाळा बांधली, मास्तर नेमला, फी माफ केली आणि खजिन्यातला पैसा ओतला, त्यालाच दंड करण्याचा नैतिक अधिकार असतो.

घरातले दुःख

१९१८ च्या जूनमध्ये महाराजांवर आभाळ कोसळले. धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज शिकारीच्या अपघातात गेले. त्यांच्या लग्नाला जेमतेम एक वर्ष झाले होते. सून इंदुमतीदेवी वयाने लहान मुलगीच होती. त्याच साली पावसाने ओढ दिली, इन्फ्लुएंझाच्या साथीने घरोघर माणसे मेली, धरणाचे काम थांबले.

ज्यांनी तरणाताठा मुलगा गमावला आहे त्यांनाच या दुःखाची खोली कळेल. महाराज खचले नाहीत असे म्हणणे खोटे होईल. खचले, पण काम सोडले नाही. पुढच्या काही आठवड्यांतच पिढ्यान् पिढ्या वेठबिगारीला बांधून ठेवणारी महार वतने रद्द करण्याचा आणि काही जातींना चावडीवर रोज द्यावी लागणारी हजेरी बंद करण्याचा हुकूम निघाला. आणि घरात? त्या काळच्या रूढीप्रमाणे विधवा सुनेचे आयुष्य माजघराच्या अंधारात संपायचे होते. महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. दुसऱ्यांच्या मुलींना शिकवा म्हणून सांगणारे पुष्कळ असतात. आपल्या घरात, आपल्या दुःखात, आपल्या नातेवाइकांच्या तोंडावर तेच करून दाखवणारे थोडे. इंदुमतीदेवी शिकल्या आणि पुढे कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाच्या कामात त्यांनी आयुष्य वेचले.

आपल्या घरातल्या ज्या मुलीचे नाव दहावीनंतर शाळेतून काढायचे चालले असेल, तिच्या वडिलांनी हा प्रसंग दोनदा वाचावा.

पुढारीपण दुसऱ्याच्या हाती देणे

शेवटची एक गोष्ट. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या वेळी वय अवघे २८, विलायतेचे शिक्षण अजून पुरे व्हायचे होते. महाराज तेथे गेले आणि त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे, आता त्याच्या मागे जा. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या बाबासाहेबांच्या मूकनायक पत्राला महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती.

इतकी वर्षे ज्यांच्यासाठी आपण झिजलो, त्या लोकांनी आपल्यालाच पुढारी म्हणावे, असे कोणाला वाटणार नाही? महाराजांनी तो मोह बाजूला सारला. आपल्याहून १७ वर्षांनी लहान असलेल्या तरुणाला त्यांनी पुढे केले. संकटे अंगावर घेणे हे जसे धैर्याचे काम, तसेच मान दुसऱ्याच्या अंगावर घालणे हेही धैर्याचेच.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय ४७ होते. ज्या वयात माणूस स्थिरावतो, त्या वयात ते आपले काम आटोपून गेले.

तुमच्या-माझ्यासाठी

मित्रहो, आपण कोणी राजे नाही. आपल्या हाती खजिना नाही, गॅझेट नाही. परंतु संकटे आपल्यालाही चुकत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली, पुढच्याच वर्षी कोरोना आला, २०२१ ला पुन्हा पूर आला. त्या दिवसांत आपण पाहिले आहे की संकटाच्या वेळी पुढारी कोण, हे पाटीवरून कळत नाही. ज्याने आपल्या दुकानातले तांदूळ आधी काढले, ज्याने आपली रिक्षा दवाखान्याच्या फेऱ्यांना लावली, ज्याने मयताला खांदा द्यायला भ्याला नाही, तोच मोहल्ल्याचा पुढारी ठरला. मग तो सातवी शिकलेला का असेना.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, वर्गात एखादा मुलगा फी भरता न आल्याने मान खाली घालून बसला असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. कोणाची थट्टा चालली असेल तर आधी आपण गप्प राहायचे थांबवा. व्यापारी बंधूंनो, टंचाईच्या दिवसांत चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण भाव फुगवू नका. पालकांनो, मुलाला गॅरेजवर किंवा दुकानावर बसवण्याची घाई करू नका. त्याची रोजची मजुरी बुडाली तर ती झळ आपण सोसू, त्याचे शिक्षण सुटू देणार नाही, असे मनाशी ठरवा. चिखलीच्या शाळेचा तो एक रुपया दंड आज कोणी वसूल करायला येणार नाही. पण दंड संपलेला नाही. आज न भरलेला तो दंड आपली मुले उद्या आयुष्यभर भरतात.

पुढच्या वेळी दसरा चौकातून जाल तेव्हा गाडी जरा हळू करा. मुलाला मागे बसवले असेल तर त्याला पुतळा दाखवा आणि त्याच चौकातले बोर्डिंगही दाखवा. हा राजा कोण होता असे त्याने विचारले, तर लांबलचक भाषण करू नका. संकट आले की आधी आपल्या अंगावर घेणारा माणूस होता, एवढे सांगा. मग घरी जाऊन त्याला तसे एकदा करून दाखवा.